व्हिडिओ कॉलवर साक्षीदार घेऊन मृत्युपत्र करायचंय? मग कागद असे करा

आधी हे बघा की तुमच्याकडच्या कायद्यात हे चालतं का. कॅनडातल्या ऑन्टारियोत चालतं, पण दोघांपैकी एक साक्षीदार तिथल्या लॉ सोसायटीचा (वकिलांना परवाना देणारी संस्था) लायसन्सवाला लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये कोविडमुळे सूट होती, ३१ जानेवारी २०२० ते ३१ जानेवारी २०२४, आता नाही. भारतात १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ आहे, साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर सही करायची असते, आणि आयटी कायद्यातली डिजिटल सही मृत्युपत्राला लागूच नाही, त्यामुळे इथे रेकॉर्डिंग फार तर जादा पुरावा म्हणून ठेवा, त्याच्या भरवशावर राहू नका.

जिथे चालतं तिथे सगळ्यात जास्त घोळ कॅमेऱ्याचा होतो. लॅपटॉप समोर ठेवला की चेहरा छान दिसतो आणि सही होते खाली टेबलावर, म्हणजे साक्षीदाराने पाहिलं काय तर कपाळ! स्क्रीन खाली झुकवा, पेनचं टोक कागदावर फिरताना दिसलं पाहिजे, आधी एकदा कोऱ्या कागदावर ट्रायल घ्या. कॉल लाइव्हच हवा, आधी शूट केलेला व्हिडिओ पाठवून भागत नाही.

सुरुवातीला तोंडाने बोला, मी अमुक, स्वखुशीने मृत्युपत्र करतोय, हे दोघे लांबून बघतायत. मग पान कॅमेऱ्यासमोर धरून दाखवा आणि सही करा. मृत्युपत्रातही लिहा की साक्ष व्हिडिओवर झाली.

पुढचा भाग लोक विसरतात. इंग्लंडमध्ये सूट होती तेव्हाच्या पद्धतीत तोच मूळ कागद साक्षीदाराकडे जायचा, शक्यतो चोवीस तासांत, आणि तो सही करताना परत कॉल, तेव्हा मृत्युपत्र करणाऱ्याने बघायचं, असं होतं. दोघे साक्षीदार वेगळ्या घरात असले तर कागद दोनदा फिरायचा. शेवटची सही होईपर्यंत मृत्युपत्र अपुरंच, मधे माणूस गेला तर सगळं वाया (म्हणून तब्येत नाजूक असेल तर मी तरी खिडकीबाहेर साक्षीदार उभे करायला सांगेन, काचेतून दिसलं तरी इंग्लंडमध्ये चालतं). ऑन्टारियोत हे सोपंय, एकसारख्या प्रतींवर त्याच कॉलमध्ये सगळ्यांनी सह्या करायच्या, पण मग सगळ्या प्रती एकत्र सांभाळा.

साक्षीदार म्हणून ज्याला काही मिळणारे तो किंवा त्याची बायको नको. स्कॅन करायला स्टेपल काढू नका, प्रोबेटला (कोर्टाकडून मृत्युपत्र मंजूर करून घेताना) ती भोकं बघून विचारतात इथे अजून काय जोडलं होतं. आणि रेकॉर्डिंगच्या दोन कॉपी ठेवा, एक वकिलाकडे, फोनमधली लगेच डिलीट करू नका.