रिटर्न भरण्याआधी प्रवासखर्चाची फाईल

पावत्या शोधायला ड्रॉवर उपसण्याआधी एवढं बघा, की धंद्यासाठी केलेला प्रवासखर्च रिटर्नमध्ये दाखवायची तुम्हाला मुभा आहे का. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा व्यावसायिकांनी ४४एडीए कलमाखाली, म्हणजे अंदाजे उत्पन्न धरून, रिटर्न भरलं, तर एकूण जमेचा किमान ५० टक्के भाग उत्पन्न धरला जातो. उरलेल्या निम्म्यात सगळे खर्च आले, प्रवासही आलाच. विमानाचं तिकीट वर वेगळं वजा होत नाही. ४४एडीखाली रिटर्न भरणाऱ्या छोट्या धंद्यांनाही खर्च असा वेगळा वजा करता येत नाही. पगारदारांसाठी हा रस्ताच नाही, त्यांनी बिलं कंपनीकडून मंजूर करून घ्यायची. उलट, नवी करप्रणाली घेतली म्हणजे धंद्याचा खर्चही बुडाला, असं समजून गप्प बसणारे मला दरवर्षी भेटतात. बुडतात त्या ८०सीसारख्या (विमा, पीपीएफ वगैरेंच्या) वजावटी. धंद्याचा खर्च दोन्ही प्रणालींत वजा होतो.

मुभा आहे म्हटल्यावर डायरी काढा. पावतीवरून पैसे गेल्याचं कळतं, कशासाठी गेले ते कळत नाही. आणि कलम ३७(१) नेमकं तेच विचारतं. खर्च पूर्णपणे आणि फक्त धंद्यासाठी झालेला हवा, खासगी नको आणि भांडवलीही (गाडी, यंत्र अशा टिकाऊ वस्तूंच्या खरेदीचा) नको. म्हणून प्रत्येक फेरीमागे एक ओळ: तारीख, कुठून कुठे, कोणाला भेटलो, काम काय. ‘नागपूर, कामानिमित्त’ ही नोंद नव्हे. ‘नागपूर, गोदामाच्या नकाशावर चर्चा, सोबत कोटेशन दिलं’ ही नोंद. त्या भेटीची ईमेल किंवा ऑर्डर असेल तर तिची प्रत त्याच पानाला जोडा. वर्षभराच्या ओळी एका रात्रीत, एकाच शाईने लिहिलेल्या ओळखू येतात, हे सांगायला छाननी अधिकारी लागत नाही, मलाही दिसतं.

आता पावत्या. पेट्रोल पंपावरची आणि टोलची गुळगुळीत कागदाची पावती उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली की काही महिन्यांत कोरी होते. एका वर्षी माझ्या स्वतःच्या पाकिटातून अशा सतरा पावत्या निघाल्या. दिव्यासमोर तिरप्या धरल्या तर पंपाचं नाव जेमतेम दिसत होतं, रक्कम एकीवरही नाही. तेव्हापासून पावती हातात आली की आधी फोटो, मग खिसा. टोलसाठी फास्टॅगचं स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा, ते उडत नाही. विमानाचं तिकीट आणि कराचं बीजक हे दोन वेगळे कागद आहेत. बीजक विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून वेगळं उतरवावं लागतं, आणि बुकिंग करताना तुमचा जीएसटी क्रमांक टाकला असेल तरच ते कामाचं.

जीएसटीत हॉटेलची एक मेख आहे. तुमची नोंदणी महाराष्ट्रात आणि मुक्काम बंगळुरूत, तर त्या बिलावर कर्नाटकातला सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) लागतो आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे तो कर स्वतःच्या जीएसटीतून वळता करणं, तुम्हाला इथे मिळत नाही. तो कर खोलीच्या भाड्यासकट खर्चात धरा. जिथे क्रेडिट घेतलं असेल तिथे मात्र कर वगळूनच खर्च लिहा.

रोखीचं पान वेगळं काढा. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर कलम ४०ए(३) नुसार तो अख्खा खर्च नाकारला जातो, वरची रक्कम तेवढी नव्हे. तीन दिवस गाडी फिरवणाऱ्याला शेवटी १२,००० रुपये हातात टेकवले की बाराच्या बारा हजार गेले. बेअरर चेकही रोखीतच मोजला जातो. यूपीआय किंवा बँकेतून दिलेले पैसे चालतात.

स्वतःची गाडी असेल तर वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी ओडोमीटरचा फोटो हवाच. एकूण किलोमीटर त्यातून कळतात, धंद्याचे डायरीतून. त्याच प्रमाणात इंधन, विमा, दुरुस्ती आणि घसारा (गाडीची दरवर्षी घटणारी किंमत) धरायचा. गाडीवर घसाऱ्याचा दर १५ टक्के आहे, आणि नवी गाडी त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्मा. शंभर टक्के धंद्यासाठीच, असं लिहिण्याचा मोह आवरा. घरात ती एकच गाडी असताना ते कोणालाही पटत नाही. घर ते कचेरी या फेऱ्या मी स्वतः धंद्यात धरत नाही.

कामाला जोडून सुट्टी काढली असेल तर बिलाचे दिवस तोडा. तीन रात्री कामाच्या, दोन भटकंतीच्या, तर हॉटेलचं बिल तीन रात्रींचंच. जाणं मुळात कामासाठी होतं हे कागदावर दिसत असेल, तर तुमचं तिकीट पूर्ण धरायला मी कचरत नाही. सोबत आलेल्या जोडीदाराचं मात्र अजिबात नाही.

वर दिलेली कलमं १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातली आहेत आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नला तीच लागतात. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले. तेव्हा मार्चअखेरपर्यंतच्या फेऱ्या एका फाईलमध्ये, एप्रिलपासूनच्या दुसरीत. नोटीस आली की कलमाचा क्रमांक बघूनच योग्य फाईल हातात घेता येईल.