नवा ग्रह जीवसृष्टीला मानवेल का? असं ताडून बघा

‘दुसरी पृथ्वी सापडली’ अशी बातमी आली की मी आधी कागद-पेन्सिल घेतो. ताऱ्याची तेजस्विता सूर्याच्या पटीत मांडा. ग्रहाचं ताऱ्यापासूनचं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत मांडून त्याच्या वर्गाने तिला भागा. उत्तर म्हणजे ग्रहाला पृथ्वीच्या किती पट प्रकाश आणि ऊब मिळते ते: पृथ्वीचं १, मंगळाचं ०.४३. २०१६ मध्ये सापडलेल्या, प्रॉक्सिमा ताऱ्याभोवती फिरणाऱ्या प्रॉक्सिमा बी या ग्रहासाठी ०.००१५५ भागिले ०.०४८५ चा वर्ग, म्हणजे साधारण ०.६६. आकडा झकास! पण लगेच हुरळून जाऊ नका.

आता ताऱ्याचा स्वभाव बघा. प्रॉक्सिमा हा लाल बटू, म्हणजे छोटा, मंद तारा, पण भलताच भडकू. त्याच्या ज्वाला जवळच्या ग्रहाची हवा खरवडून नेऊ शकतात. शेवटी वस्तुमान बघा: हलक्या ग्रहाला हवा धरून ठेवणं जड जातं. अर्थात जाड हवाही घातकच. शुक्राचा पृष्ठभाग तिच्यामुळेच ४६० अंशांच्या वर तापलाय.