गुन्हा रद्द करून घेताय? या चुका टाळा

“आमचं मिटलं, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहूनही घेतलं, म्हणजे केस संपली.” कोर्टाच्या आवारात हे रोज ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते चूकच असतं. एफआयआर झाला की खटला सरकारचा. फिर्यादीला तो परस्पर मागे घेता येत नाही. त्यात ४९८अ, म्हणजे नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम (नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ८५), तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही, म्हणून हायकोर्टच गाठावं लागतं.

इथे घाई नडते. संमतीने घटस्फोट ठरतो, ‘एकदाचं संपवू’ म्हणून सगळी रक्कम फॅमिली कोर्टातच दिली जाते. मग फिर्यादी बायको ‘गुन्हा रद्द करायला हरकत नाही’ अशा प्रतिज्ञापत्रावर सही करायला फिरकत नाही आणि सासू-सासरे तारखांना खेटे घालत राहतात. शेवटच्या हप्त्याचा डीडी गुन्हा रद्द होईल त्या दिवशीच द्यायचा, असं संमतीच्या अटींतच लिहून घ्या. हायकोर्टातल्या याचिकेत सरकार आणि फिर्यादी दोघंही प्रतिवादी हवेत. प्रतिज्ञापत्र फिर्यादीला कळणाऱ्या भाषेत करा. सुनावणीला तिने मूळ आधारकार्ड घेऊन यावं. संमती स्वखुशीची आहे का, हे न्यायमूर्ती तिलाच विचारतात. एकट्या नवऱ्याने अर्ज केला, तर नणंदेवरचा खटला तसाच राहतो. दोषारोपपत्र गेलं असेल तर एफआयआरबरोबर खटलाही रद्द करण्याची मागणी करा.

जुना नमुना उचलून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ टाकू नका. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. गुन्हा रद्द करण्यासाठी वापरले जाणारे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार आता ५२८मध्ये आहेत.

खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे समझोत्यावर सहसा रद्द होत नाहीत (सुप्रीम कोर्टाचा ज्ञान सिंग निकाल, २०१२). ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

पोलिसांनी ‘बी समरी’ (फिर्याद खोटी असल्याचा अहवाल) पाठवली म्हणजे सुटलो, असंही नाही. मॅजिस्ट्रेटची मंजुरी लागते.

आदेश मिळाला की लोक पेढे वाटतात आणि कागद कपाटात ठेवतात. खालच्या कोर्टाला तो कळलाच नाही तर तारखा पडत राहतात, गैरहजेरीत वॉरंटही निघतं. सही-शिक्क्याच्या किमान तीन नकला काढा: एक खालच्या कोर्टात, एक पोलीस ठाण्यात पोच घेऊन, एक घरी. महिन्याभराने ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर केस ‘निकाली’ दिसते का, तेही पाहा.

नोकरीच्या फॉर्ममध्ये ‘कधी अटक किंवा खटला?’ असा प्रश्न असेल तर निर्दोष सुटलेल्यानेही ‘होय’ लिहून आदेशाची नक्कल जोडावी. सुप्रीम कोर्टाच्या अवतार सिंग निकालानंतर (२०१६) गुन्हा किरकोळ असला तर लपवाछपवी माफ होऊ शकते, पण ते मालकाच्या मर्जीवर.