प्लेगच्या प्रश्नाला १० पैकी ४ च मार्क, मग काय केलं

एमए इतिहासाला सार्वजनिक आरोग्याचा पेपर होता, त्यात ठरलेला प्रश्न म्हणजे १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगवर सरकारने केलेले उपाय कितपत परिणामकारक होते. मी काय करायचो, सगळी गोष्टच सांगत सुटायचो, मुंबईतली मांडवी, तिथं प्लेग ओळखणारे डॉ. व्हिएगस, मग थेट पुण्यात प्लेग अधिकारी रँड आणि त्याच्यावर गोळ्या झाडणारे चापेकर, आणि तो दिवस, २२ जून १८९७, आला की हात थांबायचाच नाही. पानं भरली पण मार्क ४. मॅडमनी शेरा मारला, ‘कितपत’ कुठंय?

मग एक जुगाड केला. कच्च्या पानावर दोन रकाने, डावीकडे सरकारनं काय केलं, उजवीकडे तेव्हा रोगाबद्दल काय माहीत होतं. आणि तिथंच ट्यूब पेटली! येरसॅन या शास्त्रज्ञाला प्लेगचा जंतू १८९४ लाच हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण उंदरावरच्या पिसवांचा संबंध सिमों या फ्रेंच डॉक्टरनं दाखवला १८९८ मध्ये, कराचीत. म्हणजे १८९७ मध्ये साथरोग कायदा करून घरं तपासणं, कार्बोलिक ॲसिड मारणं, माणसं सेग्रिगेशन कॅम्पात (वेगळं ठेवायच्या छावणीत) नेणं चाललं होतं तेव्हा पिसवा हिशोबातच नव्हत्या, उंदीर आपले मोकाट. हाफकिनच्या लसीचं तसं नाही (जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली, मानलं बुवा), तिला जंतू माहीत असणं पुरेसं होतं, म्हणून ती दुसऱ्या परिच्छेदात, तुलनेला.

रँडला आता दोनच ओळी, त्याही लोक तपासणीला का विरोध करत होते एवढ्यापुरत्या. पुढच्या टेस्टला ७ आले.