स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना सोबत घेऊन उन्हाळी मैदानी खेळ: दोन तासांची सकाळ कशी आखावी

सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. त्यामुळे साडेसहाला सुरू करून साडेआठला आवरते घ्या. आमराईसारखी दाट सावलीची जागा निवडा. कृष्णेचा घाट नको. पाण्याची ओढ असलेले मूल क्षणभर नजर हटली तरी पायऱ्या उतरून जाते.

आधी एकदा त्याच वेळेला मुलाला जागा दाखवून आणा. तेव्हाच फोटो काढून क्रमाने पट्टी बनवा: रिक्षा, फाटक, झाड, बादल्या, खाऊ, घर. एक गोष्ट झाली की तो फोटो मुलाने स्वतः पाकिटात टाकायचा. ‘घर’ हा फोटो हवाच. हे सगळे कधी संपणार, हे न कळल्यानेच पुष्कळदा बिनसते.

टोपी आणि सनस्क्रीनची सवय आठवडाभर घरीच लावा, टोपीतले टोचणारे लेबल कापून टाका.

आता खेळ. स्वमग्न मुलाला कोपऱ्यात वेगळा खेळ देऊ नका, सगळ्यांचाच खेळ बदला. खो-खोत पाठीवर अचानक पडणारी थाप अनेकांना असह्य होते. म्हणून समोर येऊन रुमाल हातात द्यायचा, असा नियम सर्वांसाठी करा. शिट्टीऐवजी रंगीत फडके उंच धरा.

स्पंजचा खेळ सर्वात सोपा. मातीवर किंवा गवतावर, पाच मीटर अंतराने दोन बादल्या ठेवा, एक अर्धी भरलेली, दुसरी रिकामी. स्पंज बुडवायचा, चालत जायचे, पिळायचा. दोन मुलांमागे बादल्यांची एक जोडी आणि प्रत्येकाला स्वतःचा स्पंज. आठ मुलांची एकच रांग लावली की खेळ फसतो, कारण नंबर येईपर्यंत थांबणे हेच सर्वात अवघड. थांबवायचे असेल तेव्हा पाच मिनिटे आधी आणि पुन्हा एक मिनिट आधी सांगा.

तहान लागल्याचे काही मुलांना जाणवत नाही, जाणवले तरी सांगता येत नाही. दर पंधरा मिनिटांनी ओळखीच्याच बाटलीतून पाणी द्या. चिडचिड, आक्रमकपणा कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांमुळे शरीराला उष्णता सोसणे जड जाऊ शकते. औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, मनाने डोस चुकवू नका. लोखंडी घसरगुंडीला आधी हात लावून बघा.

मूल कान झाकू लागले, गोल फिरू लागले, तर समजावत बसू नका. बोलणे कमी करा, गर्दी हटवा, सावलीतल्या ठरलेल्या चटईवर न्या. त्याने मागितल्याशिवाय मिठी नको. शांत झाल्यावर पट्टी दाखवा. त्याने ‘घर’वर बोट ठेवले, तर रिक्षा बोलवा.