ले-ऑफ झालेल्या सभासदाचा ईआय अर्ज आणि पंधरवड्याचा रिपोर्ट: लोकलमध्ये नव्यानं मदतीला बसणाऱ्यांसाठी

कॅनडात युनियनच्या लोकलमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, ईआयच्या, म्हणजे एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स या सरकारी बेरोजगारी विम्याच्या, मदतीचं काम नव्यानं घेणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. ब्रॅम्प्टन, मिसिसागा भागातल्या गोदामांत आणि सुट्या भागांच्या कारखान्यांत मराठी सभासद आहेत, त्यांतले काही आता स्टुअर्ड, म्हणजे कामाच्या जागेवरचे युनियनचे प्रतिनिधी, झाले आहेत. आपल्या भाषेत कुणीतरी समजावून सांगतंय म्हटल्यावर लोक त्यांच्याकडे वळणारच. अर्ज एकदाच भरायचा असतो, रिपोर्ट, म्हणजे त्या दोन आठवड्यांतल्या कामाची, कमाईची आणि उपलब्धतेची माहिती, मात्र दर पंधरवड्याला. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा रिपोर्टमध्ये, म्हणून मदतही तिथपर्यंत पोचली पाहिजे.

अर्जासाठी आरओईची वाट बघू नये. आरओई म्हणजे रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट, मालकानं द्यायचा नोकरीचा दाखला. आज तो बहुतेक ठिकाणी थेट सर्व्हिस कॅनडाकडे, म्हणजे ईआय हाताळणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, ऑनलाइन जातो, आणि मालकाला त्यासाठी पगाराचा कालखंड संपल्यावर ५ दिवसांची मुदत असते. दाखला आल्यावर बघू, सुट्टीचे पैसे संपल्यावर बघू, सेव्हरन्स (नोकरी संपताना मिळणारी भरपाई) मिळाल्यावर बघू, असं करत महिना जातो. शेवटच्या कामाच्या दिवसापासून ४ आठवडे उलटले की मागच्या आठवड्यांचे पैसे जाऊ शकतात. अर्ज मागच्या तारखेनं धरायला लावता येतो, पण उशिराच्या सगळ्या काळाचं सबळ कारण द्यावं लागतं. 'माहीत नव्हतं' हे कारण सहसा टिकत नाही. सेव्हरन्समुळे पैसे उशिरा सुरू होणार असले तरी अर्ज लगेच करावा.

बसण्यापूर्वी सभासदाला काय आणायचं ते फोनवरच सांगा: सिन (सोशल इन्शुरन्स) नंबर, बँकेचा तपशील, गेल्या ५२ आठवड्यांतल्या सगळ्या मालकांची नावं, तारखा आणि काम सुटण्याची कारणं, सगळ्यात जास्त कमाईच्या आठवड्यांच्या पे-स्टब (पगाराच्या पावत्या). रविवारी केलेली दुसरी छोटी नोकरीही यात येते, ती लोक हमखास विसरतात. आईचं माहेरचं आडनाव विचारलं जातं. सिन काढताना जे आणि ज्या स्पेलिंगनं लिहिलं होतं तेच इथं हवं, नाहीतर ओळख पटत नाही. आपल्याकडे कुणी आईचं सासरचं आडनाव लिहून मोकळं होतं, म्हणून हा रकाना स्वतः वाचून घ्या. सिन ९ नं सुरू होत असेल तर सभासद कॅनडात तात्पुरत्या परवानगीवर, बहुधा वर्क परमिटवर, आहे. परमिटची मुदत आणि ते एकाच मालकाला बांधलेलं आहे का, हे आधी पाहा. बांधलेलं असेल तर 'दुसरं काम घ्यायला मोकळा आहे का' हा प्रश्न उभा राहणार.

अर्जाला साधारण तासभर लागतो. मध्येच थांबावं लागलं तर ७२ तास तो जपून ठेवला जातो, त्यासाठी दिलेला तात्पुरता पासवर्ड लिहून ठेवा. पत्ता लिहिताना बेसमेंट किंवा युनिटचा नंबर विसरू देऊ नका. रिपोर्ट करण्यासाठी लागणारा ४ आकडी कोड पोस्टानंच येतो, आणि चुकीच्या दारात पडला तर पहिलाच रिपोर्ट रखडतो. हा कोड म्हणजे एटीएमचा पिन. तो सभासदाचा, तुमचा नव्हे. 'दादा, तुम्हीच भरून टाका ना दर वेळी' असं म्हणणारे भेटतील. शेजारी बसा, प्रश्न समजावा, पण बटण त्यांनाच दाबू द्या. खाली दिलेली हमी त्यांच्या नावाची आहे आणि खोटं निघालं तर दंड त्यांनाच.

आरओई आली की तीन जागा नीट पाहा. रकाना १५ए मध्ये एकूण तास, १५बी आणि १५सी मध्ये कमाई, १६ मध्ये कारणाचा कोड. कामाच्या तुटवड्यासाठी 'ए', राजीनाम्यासाठी 'ई', काढून टाकल्यास 'एम', रजेसाठी 'एन'. ले-ऑफ झालेल्याच्या दाखल्यावर 'ई' किंवा 'एन' दिसला तर कारखान्याच्या पेरोलला त्याच दिवशी लेखी कळवून दुरुस्त दाखला मागा, तोवर अर्ज अडून राहतो. १७ मध्ये सुट्टीचे आणि सुटण्याच्या वेळचे इतर पैसे असतात. एरवी ते नेहमीच्या साप्ताहिक पगाराच्या हिशोबानं आठवड्यांवर पसरवले जातात आणि तेवढे आठवडे ईआय पुढे सरकतो. ३० मार्च २०२५ पासून काही काळासाठी सरकारनं हे पसरवणं आणि बिनपैशांचा पहिला आठवडा, दोन्ही बाजूला ठेवले होते. त्यामुळे 'अमक्याला तर लगेच मिळाले' हे ऐकून हिशोब सांगू नका. सभासदाचा क्लेम कोणत्या तारखेला सुरू होतो ते पाहूनच सांगा.

जुन्या कामगारांच्या बाबतीत एक खास प्रश्न येतो. करारात असेल तर सिनिऑरिटी असलेला माणूस धाकट्याच्या जागी स्वतःहून ले-ऑफ घेतो. कागदावर ते 'स्वेच्छेनं' दिसतं, आणि स्वेच्छेनं काम सोडणाऱ्याला ईआय नाकारला जातो. पण मालकानंच कपातीत हा पर्याय दिला असेल आणि त्यामुळे दुसऱ्याची नोकरी वाचली असेल, तर नियमांत ते न्याय्य कारण धरलं जातं. मालकाचं तसं पत्र ले-ऑफच्या आधीच घ्या. नंतर ते मिळवणं फार जड जातं.

रकमेचा नियम सरळ आहे: सरासरी साप्ताहिक कमाईच्या ५५ टक्के. कमाल मर्यादा २०२५ मध्ये आठवड्याला ६९५ डॉलर, २०२६ मध्ये ७२९. पात्रतेसाठी भागातल्या बेरोजगारीनुसार ४२० ते ७०० तास लागतात आणि लाभ १४ ते ४५ आठवडे मिळतो. ही रक्कम करपात्र आहे, हे पहिल्याच भेटीत सांगा.

आता रिपोर्ट. अर्जाचा निकाल यायचा असला तरी रिपोर्ट सुरू करायचे. 'अजून मंजूर कुठं झालंय' म्हणून थांबलेल्यांचे पैसे रखडतात. रिपोर्टची तारीख चुकली तर ३ आठवड्यांची सवलत असते, त्यापुढे क्लेम बंद पडतो आणि पुन्हा चालू करून घ्यावा लागतो. कारखान्यानं महिनाभर परत बोलावलं आणि पुन्हा घरी बसवलं तरी हेच. जुना क्लेम आपोआप जागा होत नाही, नव्यानं अर्ज करूनच तो सुरू होतो.

रिपोर्टचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि शनिवारी संपतो, एका रिपोर्टमध्ये असे दोन. कमाई ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात लिहायची, चेक कधी आला ते पाहायचं नाही. आणि ती कपातीच्या आधीची लिहायची. समजा एकाची सरासरी १,२०० डॉलर होती, म्हणजे ईआय ६६०. मधेच एका शिफ्टला बोलावलं: ८ तास, ३० डॉलरनं २४०. कमावलेल्या दर डॉलरमागे ५० सेंट कापले जातात, म्हणजे १२० वजा होऊन ५४० मिळतील. पगार धरून आठवड्याचे ७८० झाले. घरी बसण्यापेक्षा शिफ्ट केलेली बरीच. ही निम्मी कपात सरासरीच्या ९० टक्क्यांपर्यंत, इथं १,०८० डॉलरपर्यंत, लागू होते. त्यावरचा प्रत्येक डॉलर पूर्ण कापला जातो, आणि पूर्ण आठवडा काम केलं तर त्या आठवड्याचा लाभच नाही. याच माणसानं हातात आलेले १९० लिहिले तर २५ डॉलर जास्तीचे जमा होतील. मालकाच्या नोंदींशी ताडून बघितलं की वसुलीचं पत्र येतं. रक्कम छोटी, पण पत्र वाचून घरातल्यांची झोप उडते. रिपोर्टच्या दिवशी पे-स्टब हातात नसतेच, म्हणून तास गुणिले दर करून लिहायला शिकवा. एका छोट्या वहीत तारीख, तास आणि दर एवढंच लिहिलेलं असलं की पुरे.

'सोमवार ते शुक्रवार रोज काम करायला तयार, इच्छुक आणि सक्षम होता का' या प्रश्नावर लोक दोन्हीकडून चुकतात. तापानं दोन दिवस झोपून असलेला माणूस सवयीनं 'हो' म्हणतो, तर 'आपला कारखाना बोलावेल, दुसरीकडे कशाला' असं म्हणणारा प्रामाणिकपणे 'नाही' दाबतो आणि पैसे थांबतात. कामाचा शोध खरोखर चालू ठेवा आणि कुठं, कधी, कुणाकडे अर्ज केला ते लिहून ठेवा, हे आधीच सांगून ठेवा. कोर्सला नाव घालायचं असेल तर फी भरण्यापूर्वी विचारून घ्या, कारण पूर्णवेळ शिकणारा माणूस कामाला उपलब्ध नाही असं धरलं जातं. साठी ओलांडलेले काही जण ले-ऑफ होताच सीपीपी, म्हणजे कॅनडा पेन्शन प्लॅनची पेन्शन, सुरू करतात. तीही कमाई धरली जाते आणि ईआयमधून वजा होते, म्हणून त्या फॉर्मवर सही करण्याआधी त्यांनी तुमच्याशी बोलावं.

याउलट कंपनीचा नोंदणीकृत सब प्लॅन, म्हणजे ईआयवर मालक देतो ती भर, ईआयमधून वजा होत नाही. दोन्ही मिळून नेहमीच्या पगाराच्या ९५ टक्क्यांवर जाऊ नयेत एवढंच.

गावी जाण्याबद्दल स्पष्ट बोला, इथं संकोच महागात पडतो. नोकरी नाही तर जाऊन येऊ पुण्याला, हा विचार अगदी स्वाभाविक आहे, पण देशाबाहेरच्या दिवसांचा नियमित ईआय मिळत नाही. जवळच्या नातेवाइकाचा अंत्यविधी किंवा गंभीर आजार असेल तर सलग ७ दिवसांपर्यंत सवलत असते. लग्न, मुंज, दिवाळी यात बसत नाहीत. जायला कुणाची बंदी नाही. रिपोर्टमध्ये 'हो, बाहेर होतो' म्हणून तारखा द्यायच्या आणि तेवढे दिवस सोडून द्यायचे. सीमेवरच्या येण्या-जाण्याच्या नोंदी ईआयच्या क्लेमशी ताडल्या जातात. न सांगता गेलेल्याला पैसे परत करावे लागतात, दंड बसू शकतो, आणि पुढच्या क्लेमला जास्त तास लागू शकतात. चूक आधीच झाली असेल तर पत्र येण्याची वाट न बघता १-८००-२०६-७२१८ वर स्वतः फोन करून दुरुस्त करायला लावा. स्वतःहून सांगितलेल्या चुकीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

नकाराचं पत्र आलं तर निर्णय कळल्यापासून ३० दिवसांत फेरविचाराची विनंती करता येते. ती लिहिताना अन्यायाबद्दल पानभर लिहू नका. कोणता मुद्दा चुकीचा आणि त्याला पुरावा काय, एवढंच लिहा: दुरुस्त आरओई, मालकाचं पत्र, कराराचं कलम, शोधाची वही.

काढून टाकलेल्या माणसाची ग्रीव्हन्स, म्हणजे युनियनमार्फत मालकाविरुद्धची तक्रार, चालू असताना त्याला ईआय मिळत असेल, तर तडजोडीच्या खोलीत बसणाऱ्या प्रतिनिधीला हे माहीत हवं. तडजोडीत मागचा पगार मिळाला की त्याच आठवड्यांचा ईआय परत करावा लागतो, आणि ती रक्कम कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी मालकावर असते. १५,००० मिळणार म्हणून सही केलेल्या माणसाच्या हातात मग बरेच कमी येतात आणि तो युनियनवर चिडतो. सही होण्याआधी त्याचा ईआयचा आकडा मागून घ्या, मसुद्यात पगार किती आणि इतर भरपाई किती ते खऱ्या कारणांसह वेगळं लिहून घ्या, आणि वजावट होऊन उरणारा आकडा त्याला कागदावर दाखवा.