बरोक ल्यूटचे घुमणारे खर्ज

जुना घेतलेला, तारांच्या १३ जोड्यांचा बरोक ल्यूट (बरोक काळातलं युरोपी तंतुवाद्य) घरी आला तेव्हा खर्जाला तांब्याची तार गुंडाळलेल्या तारा होत्या. आवाज झकास, पण थांबेचना. ल्यूटचा संगीतकार वाईस याचं आलमांद (एक नृत्यरचना) वाजवताना तीन-तीन खर्ज एकमेकांवर चढून नुसता गलका. अंगठ्याने दाबून पाहिलं, पण सात खर्जांवर नजर ठेवणं म्हणजे तारेवरची कसरतच.

शेवटी सातव्या जोडीपासून जाड तारा बदलल्या: गुंडाळी नसलेल्या, तांब्याची पूड मिसळलेल्या प्लास्टिकच्या. घुमणं आटोक्यात आलं. जोडीतली वरच्या सप्तकाची बारीक तार तशीच ठेवली, स्वर तिनेच स्पष्ट होतो.

पहिली तार मात्र तुटत होती. ए स्वराची पट्टी ४४० हर्ट्झवरून ४१५ वर आणल्यावर ताण सुमारे ११ टक्के उतरला आणि ती टिकली.

वरच्या सहा जोड्या डी मायनर या स्वरसंगतीतच लावतो (पहिलीपासून एफ-डी-ए-एफ-डी-ए). खर्ज मात्र रचनेप्रमाणे बदलायचे, सतारीच्या तरफा रागाप्रमाणे लावतात तसे. रचना डी मेजर या स्वरपट्टीत असेल तर आठवी जोडी एफ शार्प, अकरावी सी शार्प. नव्या तारा पहिले काही दिवस उतरतात, म्हणून मैफलीच्या आदल्या दिवशी बदलू नका.